मोर सोडून दुसरा पक्षी

गुरुवार, संध्याकाळ. विक्रोळी.

कितीतरी दिवस लिहायचं टाळलं. आजही टाळलं असतं, पण राहवत नाही. माझ्या शिकवणीतल्या आठवीच्या मुलांचा आज मराठीचा पेपर होता. निबंध आला ‘माझा आवडता पक्षी’. गाइडातला मोर सगळ्यांना तोंडपाठ होता, पण मीच शहाणपणा केला होता, "मोर कुणी पाहिलाय रे? पाहिलेला पक्षी लिहा!" तन्वीने कबुतर घेतलं, दोन ओळींत अडली आणि बाकी पान कोरं सोडून रडत निघाली, असं तिची मैत्रीण सांगून गेली. मोर लिहिला असता तर सुटली असती ना?

पेपर दुपारीच संपला. आत्ता तन्वीच्या आईचा फोन, "दादा, चेडू अजून घराक इलां नाय. तुझ्याकडे आसा काय?" पोरगी अजून घरी पोचली नाही! काय सांगू? मी कुठेही भटकतो, पवईच्या तलावावर अख्खा दिवस काढतो, पण ती लहान आहे यार. त्या मोराने माझं काय बिघडवलं होतं? उठतो, शोधायला निघतो.

थांब. दारात तन्वीच उभी आहे. "दादा, स्टेशनबाहेर कबुतरं बघत बसले होते. पुढचं सुचलं. ऐकतोस?"