सुरवंटाची फी आणि समोरासमोरच्या खिडक्या

नोवी साद, ऑक्टोबरचा पहिला आठवडा

आदरणीय पेर्सिदा वन्सं,

तुमच्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. इथे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. तुमचे गुडघे, तुमचा रक्तदाब आणि शेजारणीशी चाललेला कुंपणाचा वाद, या तिघांनाही उतार पडला असेल अशी आशा करते. तुमच्या आयवारच्या, भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्या भरून झाल्याच असतील. (आमच्या मिरच्या अजून पोत्यात, पोतं बाल्कनीत. का ते पुढे कळेलच.)

तुमचं पत्र पोचलं. घरात धडधाकट आजी असताना पोरीला परक्या बायकांच्या हवाली करायचं आणि वर पैसे मोजायचे, ही कुठली रीत, असं तुम्ही विचारलंत. वन्सं, आजी धडधाकट आहे खरी, पण ती वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून लोकांच्या चुका दुरुस्त करते आणि त्याचा पगार घेते. (घरातल्या चुका मी फुकट दुरुस्त करते, म्हणून त्या तशाच राहतात.) राहिले आजोबा. तुमचे बंधुराज रादिसाव रेल्वेतून निवृत्त झालेले, म्हणून उन्हाळाभर सरावासाठी दुपारपुरती इस्क्रा त्यांच्याकडे दिली. दीड वर्षाच्या नातीला दुपारी झोपवायला हे शेजारी आडवे व्हायचे, आणि नात यांना झोपवून उठायची. एकदा इस्क्राची आई, आमची नेवेना, बाहेरून घरी आली तर बाप घोरतोय आणि लेक त्यांच्या चष्म्याने पातेल्यातलं सूप ढवळतेय. रादिसाव डोळे चोळत म्हणाले, "सूप गार होतं. मी आधी बघितलं होतं."

त्यात नेवेनाची वाढवून घेतलेली रजाही संपत आली. दूध कारखान्याच्या प्रयोगशाळेतली तिची खुर्ची पहिल्या तारखेपर्यंतच राखलेली होती. त्या दिवशी ती गेली नाही तर तिथे दुसरी कोणी बसणार, हे साहेबांनी गोड आवाजात सांगितलं होतं. जावई ट्रक घेऊन ऑस्ट्रियाच्या वाटेवर, आठवड्यातून दोन दिवस घरी, त्यातला एक झोपेत. सरकारी पाळणाघरात इस्क्राचं नाव घातलंय, पण तिथे नंबर लागेपर्यंत ती स्वतःच्या पोराचं नाव घालायला जाईल असं दिसतं. तेव्हा खाजगी शोधणं आलं. आणि वन्सं, एकाच शहरात, तितक्याच उंचीच्या पोरांना सांभाळायचे तीन ठिकाणी तीन भाव का, हे कोडं मी सोडवायला घेतलं.

पहिलं 'सोनेरी मधमाशी'. दुनाव नदीच्या काठी काचेची इमारत, दारात मऊ गालिचा, आणि फी अशी की ऐकून माझे पाय आपोआप गालिच्याबाहेर आले. मालकीणबाईंनी सांगितलं की पोरं इथे झोपतात ती पियानो ऐकत, खातात ॲव्होकाडो, आणि आठवड्यातून दोनदा इंग्रजी असतं. मी म्हटलं, आमची अजून सर्बियनसुद्धा बोलत नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे अगदी वेळेवर आलात." शिवाय आई कचेरीत बसून फोनवर पोराला बघू शकते. (नेवेना दिवसभर पोरगीच बघत बसली तर दूध कोण तपासणार, हे मी विचारलं नाही. पाहुण्यासारखं वागावं.) काचेचं भाडं, पियानोचं भाडं आणि ॲव्होकाडोचा प्रवासखर्च, सगळं त्या फीत बसलेलं होतं.

दुसरं त्याच्या निम्म्याहून स्वस्त. इमारतीच्या तळघरात, जेवण डब्यातून बाहेरून येणारं, आणि खोलीभर पोरांच्या मधोमध एकच मुलगी, एक पोर कडेवर, एक पायाशी, एक पाठीवर. बिचारीने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, मी इस्क्राऐवजी हिलाच घरी न्यावं. इथे फी कमी का, हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. माणसंच कमी होती.

तिसरं सालाय्का भागातलं 'सुरवंट'. जुनं बैठं घर, मागे अंगण, अंगणात जर्दाळूचं झाड. मालकीण ल्येर्का, तोंडाने माझ्याइतकीच तिखट, त्यामुळे आमचं लगेच जमलं. तिला मी सरळ विचारलं, तुमचा भाव मधला का? ती म्हणाली, "घर मामाचं, म्हणून भाडं नाही. घेवडा इथेच शिजतो, म्हणून डबेवाला नाही. बाकी तुम्ही भरता ते या चार बायकांच्या हातात जातं. स्वस्त हवं असेल तर सांगा, यातल्या दोघींना घरी पाठवते." मी चौघींकडे बघितलं. एक नाक पुसत होती, एक भांडण सोडवत होती, एक गात होती आणि चौथी नुसती बसून एका रडक्या पोराला मांडीवर रडू देत होती. वन्सं, कोडं तिथेच सुटलं. मी हो म्हणणार, तेवढ्यात माझ्याबरोबर आलेल्या तुमच्या भावाने वर बघितलं.

समोरासमोर दोन खिडक्या. दोन्ही सताड उघड्या. आणि मधून वारा.

प्रोमायाबद्दल, या आरपार वाऱ्याबद्दल, तुमच्या माहेरच्या माणसांना मी काय सांगायचं? तुमच्या आजोबांची वाकडी मान, आत्याचे कान आणि (यांच्या मते) रेल्वेचा तोटा, सगळं प्रोमायाने झालेलं. हे मला हाताला धरून रस्त्यावर घेऊन आले. मग म्हणाले, "तरीच स्वस्त." दुसऱ्या दिवशी मला न सांगता 'सोनेरी मधमाशी'त जाऊन विचारून आले की तुमच्या खिडक्या उघडतात का. नाही उघडत. मग यांचा सिद्धांत पक्का: जिथे खिडकी उघडतच नाही, तिथे फी सगळ्यात जास्त, पैसे वारा न लागण्याचे. मी म्हटलं, अहो, तिथे छताला गार हवेचं यंत्र आहे. यांचा चेहरा पांढरा पडला. यंत्र म्हणजे प्रोमायाचा बापच.

शेवटी नाव 'सुरवंटा'तच घातलं. पण पहिले काही दिवस पोरीबरोबर घरातल्या कोणालातरी बसावं लागतं, आणि नेवेना घराची घडी बसवण्यात गुंतलेली, तेव्हा बसले हे. डोक्यात टोपी, गळ्यात लोकरी पट्टा, आणि बाहेर शर्ट काढावा असं ऊन. बसल्याबसल्या यांनी एक खिडकी लावली. यास्ना नावाच्या बाईंनी उघडली. यांनी लावली. तिने उघडली. "आजोबा, पोरं घामाघूम होतायत." "घाम पुसता येतो, बाई, न्यूमोनिया पुसता येत नाही." तिसऱ्या दिवशी ल्येर्काने मला फोन केला: एक तर आजोबा खिडकीपासून दूर बसतील, नाही तर शनिवारपर्यंत जागा सोडा, दुसरं पोर दारात आहे. नेवेनाने ते ऐकलं. कामावर घालायचा पांढरा डगला इस्त्री करून खुर्चीवर टाकला होता, तो उचलून परत कपाटात ठेवला. मला त्या कपाटाच्या दाराचा आवाज आवडला नाही.

म्हणून शुक्रवारी कचेरीतून सुट्टी घेऊन मीच यांच्याबरोबर गेले. (मिरच्या तेव्हापासून पोत्यात.) इस्क्रा नेहमीसारखी आजोबांच्या पॅंटला लटकलेली. यांचा हात खिडकीच्या कडीवर. एवढ्यात समोरून वाऱ्याची झुळूक आली आणि पडदा फुगून खोलीच्या मध्यापर्यंत उडाला. सगळी पोरं किंचाळत त्याच्याखाली घुसली. पडदा मागे गेला, पोरं मागे. पुढे आला, पोरं पुढे. इस्क्राने पॅंट सोडली. वन्सं, ती पोरगी आठवडाभर कोणाकडे गेली नव्हती, ती यांना न विचारता धावली आणि पडद्याखाली जाऊन हसायला लागली. यांनी तिच्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि कडीवरचा हात हळूच खिशात घातला. मग मला म्हणाले, "चल. आपल्याला इथे काही काम नाही." फाटकापर्यंत नाक पुसत आले, आणि वाऱ्याने पाणी आलं म्हणाले.

नेवेना पहिल्या तारखेला कामावर हजर झाली. इस्क्राला अजून साधी शिंकसुद्धा आलेली नाही. (सर्दी यांना झालीय.)

थोरांना नमस्कार, लहानांना पापे, आणि शेजारणीला जे योग्य वाटेल ते.

तुमची,
मिलुंका

ता. क. पत्र मोठं झालं, पण मूळ गोष्ट राहिलीच. 'सुरवंटा'तली चौथी, ती मांडीवर रडू देणारी, महिनाअखेर लेकीकडे जर्मनीला चाललीय. ल्येर्का विचारत होती, जेवणानंतर पोरांना झोपवणारी, न चिडणारी, वयाने मोठी अशी कोणी आहे का. धाकट्या भावाला वाढवलेली एक बाई तुमच्या सोंबोरात चार खोल्यांत एकटीच असते, असं मी सांगून ठेवलंय. आमची मागची खोली झाडून ठेवते.

आणखी एक ता. क. ल्येर्काने आधीच बजावलंय: नवी बाई चांगली हवी तर पगार वाढवावा लागेल, आणि पगार वाढला की फी वाढेल. वन्सं, तुमच्यामुळे फी वाढली तर मी महिनाभर तुमच्याशी बोलणार नाही. पण भरेन.