ठकूच्या वर्कशॉपसाठी मशीन

प्रिय ठकू,

पाइप कापायला कोणतं मशीन घ्यायचं, हे तू मला सोडून आईला विचारलंस आणि आईने ते मला विचारलं. म्हणजे जिने आयुष्यात साधी कानस हातात धरली नाही, तिच्या तोंडून मला तुझ्या वर्कशॉपची खबर मिळाली. रागावलेली माणसं असाच वळसा घालतात. तू माझ्यावर रागावली आहेस, हे मला कळलंय. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी मशीन, नाहीतर दुकानदार भलतंच काहीतरी तुझ्या गळ्यात मारेल.

मशीन निवडण्याआधी पाइप बघायचा. किती जाड आहे, भिंतीत बसवलेला आहे की टेबलावर आणून कापायचाय, एकच तुकडा हवा की ढीगभर. आई म्हणाली, तू टेबलांचे आणि शेल्फांचे सांगाडे करणार आहेस. म्हणजे पातळ पाइप आणि एका मापाचे भरपूर तुकडे. यात माप चुकून चालत नाही. टेबलाचा एक पाय जरासा आखूड झाला, तर गिऱ्हाईक जन्मभर त्याच्याखाली कागदाची घडी सारत तुझा उद्धार करत बसेल.

हातातला ग्राइंडर तुझ्याकडे आहेच, तोही माझाच. तू म्हणतेस की जाताना मला विचारून नेलास. मला काही आठवत नाही, पण त्यावरून वाद घालायची सोय मला आता उरलेली नाही. तो ठेव, कडा साफ करायला उपयोगी पडेल. पण सांगाडे त्याच्यावर कापू नकोस. हात कितीही बसलेला असला तरी चकती थोडी भरकटते, आणि मग वेल्डिंग करताना फट बुजवत बसावं लागतं. त्याचं झाकण काढायचं नाही आणि चकतीच्या रेषेत उभं राहायचं नाही. हे तुला माहीत आहे, तरी लिहितोय. दुकानदार तुला पुढेमागे चालणारी हातातली विजेची करवतही दाखवेल. जुन्या इमारतीत बसलेला पाइप तोडायला ती झकास. टेबलावर मात्र ती पाइपासकट तुलाही हलवून सोडेल.

राहिली दोन. एक चॉप सॉ, ज्याच्यावर मी उभा जन्म काढला. हँडल खाली दाबलं की मोठी चकती पाइपात उतरते आणि बघता बघता तुकडा पडतो. काप सरळ, काम झटपट, किंमत बेताची. नवीन माणूस हेच घेतो, मीही घेतलं होतं. आता खोड्या ऐक. ठिणग्या अंगावर येतात, पाइपाचं टोक तापून काळंनिळं पडतं, कडेला धारदार कंगोरे राहतात आणि ते कानशीने घासण्यात वाचलेला वेळ जातो. आणि आवाज. तुला आपल्या दुकानातला नियम आठवतो ना? कापणाऱ्याला मागून हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. दाराजवळच्या दिव्याची उघडझाप करायची. तू शाळेतून आलीस की बटणापर्यंत हात पुरावा म्हणून रिकाम्या डब्यावर चढायचीस. दिवा लुकलुकला की मी मशीन बंद करून वळायचो आणि मग तू दिवसभराचं सगळं एका दमात सांगायचीस. आता दुकानातला जोडीदार मशीन बंद असतानाही दिव्याचीच उघडझाप करतो.

दुसरं म्हणजे बँड सॉ. अखंड पट्टीसारखं पातं दोन चाकांवरून फिरतं आणि पाइप हळूहळू कापत जातं. ठिणग्या नाहीत, टोक फारसं तापत नाही, कड जवळजवळ तयारच मिळते. महाग आहे आणि चॉप सॉच्या मानाने गोगलगाय आहे. तरी तू हेच घे. जुनं मिळालं तरी चालेल, पण पाइप धरणारी पकड घट्ट हवी, आणि ती कोनात फिरते ना, तेही बघून घे. पातळ पाइपाला बारीक दातांचं पातं लाव, नाहीतर दात अडकून तुटतात. घाई करू नकोस, पात्याला त्याच्या चालीने जाऊ दे. आणि मुख्य म्हणजे ते चालू असताना शेजारी उभ्या माणसाशी बोलता येतं. तरीही कानांवर जाड झाकणं लावल्याशिवाय कुठल्याही मशीनचं बटण दाबायचं नाही. हा माझा हुकूम समज.

आता तुझ्या रागाचं. त्या दिवशी तू फोन केलास, मी "बघ, तुझं तू ठरव" म्हणालो आणि ठेवून दिला. ठकू, तू काय विचारलंस यातला एक शब्दही मला ऐकू आला नव्हता. हे उत्तर कशालाही खपतं, म्हणून गिऱ्हाइकांनाही मी तेच देतो आणि खडूस म्हणवून घेतो. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं वाटायचं. तू रडलीस, हे आईने काल स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभं राहून, ओरडून सांगितलं. वर्कशॉपच्या पहिल्या दिवशी पहिला पाइप मी कापावा, असं तू फोनवर म्हणाली होतीस, हेही तेव्हाच कळलं. माझ्या कानांबद्दल तुला काही सांगायचं नाही, अशी शपथ मीच तिला घातली होती. ती आज मीच मोडली. डॉक्टर म्हणतात, मशीनच्या आवाजाने बारीक आवाज आधी जातात. घरात सगळ्यात बारीक आवाज तुझा. कानात घालायचं यंत्र सांगितलंय, ते मी घेणार आहे. मला तुझा राग कधीच नव्हता, अभिमान आहे. मी येतोय. पण पहिला पाइप तू काप, मी दुसरं टोक धरतो. तुझ्या दाराजवळ दिव्याचं बटण असेलच. काही सांगायचं असेल तेव्हा ते दाब आणि मी वळेपर्यंत थांब.

तुझाच, उगाच मोठ्याने बोलणारा,
बाबा