सोबत कोण येणार?

३ तारीख
वही आणून आठ दिवस झाले, आज लिहू उद्या लिहू करत राहिले. तर नवं गाव, माझं पाचवं! दुसऱ्या मजल्यावर खोली, खिडकीत ऊन. घरमालकीण खाली शिवणकाम करते, ती बोलते तेवढं मशीन थांबतं, म्हणजे बहुतेक थांबलेलंच. हां, मुद्दा राहिला. छातीत डावीकडे गाठ लागतेय. आई यातच गेली, म्हणून डॉक्टर म्हणाले, वय बत्तीस असलं तरी मॅमोग्राफी करून घे.

५ तारीख
केंद्रात फॉर्म भरला. 'सोबत कोण येणार' इथे अडले. काउंटरवरची म्हणाली, रिकामा रकाना कॉम्प्युटर घेत नाही. ठोकून दिलं: ताई. नंबरही मनानेच. मला ताई नाही. तशी कुणीच नाही. उद्या पावडर, अत्तर नको म्हणाली, आणि तपासणीचे जुने फोटो असतील तर आण. कुठले जुने, पहिलीच वेळ.

६ तारीख
झालं, उगाच घाबरले. कमरेवरचे कपडे काढून पुढून उघडा झगा घालायचा. तंत्रज्ञबाईंनी तिळावर बारीक मणी चिकटवला, फोटोत तीळ म्हणून ओळखू यावा. मग मशीनच्या दोन सपाट प्लेट्समध्ये छाती दाबली, श्वास रोख म्हणाल्या. कळ येते, काही सेकंदांत संपते. असे चार फोटो. इस्त्री करताय का, विचारलं तर हसल्या. निघताना म्हणाल्या, ताई बाहेर थांबल्यात, काळजीत आहेत.
बाहेर कुणी नव्हतं. एक खुर्ची गरम होती.

७ तारीख
केंद्रातून फोन. ताई जुने फोटो देऊन गेल्या, गाठ दरवर्षी वाढतेय, लपवलीस कशाला? धावत गेले. तीन वर्षांचे फोटो. माझं नाव. तोच तीळ, त्यावर तोच मणी. मी तर आयुष्यात कालच पहिल्यांदा —

८ तारीख
तो मनाचा नंबर लावला. एका रिंगमध्ये उचलला. बाईचा आवाज. जेवलीस का, विचारलं. आई विचारायची तस्सं.
फोन ठेवायला हवा होता. ठेववेना.

९ तारीख, सकाळ
दाराला कडी लावून बसलेय. बरं वाटलं होतं काल — त्याचीच भीती —
मशीन थांबलं. घरमालकीण खालून ओरडतेय, अगं, ताई आहे हे बोलली नाहीस कधी! सामान घेऊन आलीय, राहायलाच.
जिन्यात पावलं. सावकाश.
हात कडीकडे जातोय. घट्ट धरायला की काढा—