घेण्यासारखं

मंगळवार, ४ मार्च

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे, वेळेवर जेवतो, दाढदुखी थांबली. भाऊजींना नमस्कार, चिमणीला गालगुच्चा. आईला सांग, खोलीच्या खिडकीला पडदा लावला. म्हणजे तिची एक काळजी कमी होईल आणि ती दुसरी शोधायला लागेल.

फोनवर मी भडकतो आणि तू ठेवून देतेस, म्हणून यापुढे लिहूनच बोलायचं, हा तुझा हुकूम मान्य आहे. कागदावर ओरडता येत नाही. उद्गारचिन्हं देता येतात, पण ती देताना स्वतःचीच लाज वाटते.

तर तुझे दोन प्रश्न. पहिला, मी काम करतो तसंच एक उंची किराणा दुकान तुमच्याकडे उघडलंय आणि शुक्रवारी भाऊजींचे साहेब सहकुटुंब जेवायला येतायत, तर सामान तिथून आणावं का? की ते सगळं नुसतं दिव्यांचं आणि गुळगुळीत पिशव्यांचं भाडं आहे? दुसरा, ‘तुझी ती’ भेटते का?

पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून आधी तेच.

आत शिरलीस की आधी थंड वाटेल. मग भाज्या दिसतील. त्यांच्यावर दर थोड्या वेळाने बारीक फवारा उडतो, जणू आत्ताच शेतातून आल्या. त्या आदल्या दिवशी ट्रकमधून आल्या, मीच उतरवल्या. भाजी वाईट नसते, पण फवाऱ्याचं पाणी वजनात येतं. पालेभाजी घेतलीस तर आधी झटक, मग तोलायला दे. तिथली माणसं बघतील. बघू दे.

रंगीत मीठ घेऊ नकोस. गुलाबी, काळं, राखाडी, सगळं शेवटी खारटच. कापून डबीत भरलेलं फळ घेऊ नकोस, तू फळाचे नाही, सुरीचे पैसे देतेस. काचेच्या बाटलीतल्या पाण्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण मला राग येतो.

तेल मात्र घे, पण गडद बाटलीतलं. पारदर्शक बाटल्या वरच्या फळीवर दिव्यांखाली चमकायला ठेवतात, छान दिसतात आणि आतून खवट होतात. कॉफी घे, भाजल्याची तारीख लिहिलेली असेल तर. चीज घे, पण पाकिटातलं नाही. काउंटरवर जा, समोर कापून घे आणि आधी चाखायला माग. आमच्या चीजवाल्या काकू म्हणतात, “जो मागून चाखतो तो फसत नाही, आणि जो लाजतो त्याच्यावर दुकान चालतं.” पाव घे, डोळे मिटून. आमच्या भट्टीतला पाव खरंच चांगला असतो, हे मी पगारासाठी म्हणत नाही.

आणि एक आतली गोष्ट. माझं मुख्य काम ‘पुढे ओढणं’ आहे. फळीवरचं एक पाकीट गेलं की मागचं पुढे ओढायचं, म्हणजे फळी कायम भरलेली दिसते. जुन्या तारखेचा माल पुढे, नवा मागे. तेव्हा तू कधीही पुढचं उचलू नकोस. हात कोपरापर्यंत आत घाल आणि मागचं काढ.

थोडक्यात, दुकान निम्मं घेण्यासारखं आहे. कुठलं निम्मं ते कळलं की झालं. फक्त घासाघीस करू नकोस. इथे कुणी भाव करत नाही, आणि केलास तर तुला भाव देत नाही. आमच्या मॅनेजरसाहेबांनी ‘महाग’ हा शब्दच बंद केलाय. गिऱ्हाईक म्हणालं “महाग आहे हो,” तर आपण म्हणायचं, “निवडक आहे.” काल त्यांच्याच बायकोचा फोन आला होता, तेव्हा ते चांगले दोनदा म्हणाले, “अगं, महाग आहे ते.” मी डबे ओढत राहिलो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, येते. दर शनिवारी, वडिलांची यादी घेऊन. आणि ती ‘माझी ती’ नाही. नुसती ती आहे.

तुला वाटतं मी या दुकानात तिच्यासाठीच लागलो. काम मिळत होतं म्हणून लागलो. ती इथे येते हे मला कॉलेजात असल्यापासून माहीत होतं, एवढंच.

ती मागचं पाकीट काढते. कुणी न शिकवता. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी फळीच्या पलीकडे होतो आणि समोरून एक हात माझ्या दिशेने येताना दिसला.

तिला लांबच्या विद्यापीठात जागा मिळालीय. वडिलांनी तर बॅगही बघून ठेवलीय. तिने अजून हो कळवलेलं नाही, महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. का थांबलीय, ते मी विचारलं नाही. माझा काय संबंध.

साहेब आले की काय झालं ते कळव.

तुझा,
भडक्या


सोमवार, १० मार्च

ताई,

नमस्कार वगैरे. भाऊजींच्या साहेबांना पाव आवडला हे वाचलं. त्यांच्या बायकोने तेलाच्या बाटलीचा फोटो काढला, तेही वाचलं. बरं झालं.

आता मी विचारतो, तू सांग. बाई म्हणून सांग, बहीण म्हणून नको.

शनिवारी ती आली. मधाच्या फळीपाशी उभी राहिली. मी शेजारी मुरंब्याच्या बरण्या ओढत होतो. तिने सगळ्यात उंची मध उचलला, तो षटकोनी बरणीतला, लाकडी झाकणाचा. बराच वेळ हातात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “काय रे, एवढी किंमत मोजून घेण्यासारखं आहे का हे?”

मी म्हटलं, “खरं सांगू?”

“खोटं सांगायला तुमचे साहेब आहेत की.”

“मग नको घेऊस. झाकण चांगलं आहे, बाकी काही नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात साध्या बरणीत हेच मिळेल.”

ती म्हणाली, “बरं.” बरणी जागेवर ठेवली आणि गेली. पावसुद्धा न घेता.

मी खूष होतो, ताई. मला वाटलं, बघ, मी तिच्याशी खरं बोलतो.

डबा खाताना चीजवाल्या काकूंना हे सांगितलं. त्यांनी घास हातातच ठेवला. “अरे शुंभा,” त्या म्हणाल्या, “मागच्या आठवड्यात ती माझ्यापाशी उभी राहून सांगत होती. जायचं नाही म्हटलं तर वडील बोलणार नाहीत, घर तुटेल. एवढी किंमत मोजून थांबायचं का, तेच कळत नाही म्हणाली. आणि तुला विचारलं तर तू सांगितलंस, नको, कोपऱ्यावर मिळेल!”

“ती मधाबद्दल विचारत होती.”

“हो का. बरणीकडे बघून विचारलं म्हणून मधाबद्दल का?”

त्यानंतर मी एक सबंध खोकं उलटं लावलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, “लक्ष कुठाय?” मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. नोकरी अजून आहे. काकू मध्ये पडल्या.

तर सांग. असं कुणी विचारतं का? सरळ विचारता येत नाही म्हणून माणूस मधाच्या आडून विचारतं का? विचारत असेल तर मी स्वतःच्या तोंडाने तिला ‘जा’ म्हटलं. आणि तेही खरेपणाचा आव आणून.

मला इथून उठून तिच्या दारात जाऊन ओरडावंसं वाटतंय की मी घेण्यासारखा आहे. जात नाही. तुझ्या उत्तराची वाट बघतो.

भ.


रविवार, १६ मार्च

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. त्यात एकच ओळ कामाची होती, ‘मला काय विचारतोस, तिला विचार.’ बाकी दोन पानं तू मला ओरडली आहेस. उद्गारचिन्हं मोजली नाहीत.

शनिवारी ती दुकानात आली नाही. म्हणून आज दुपारी तिच्या अभ्यासिकेबाहेर जाऊन उभा राहिलो. बाकावर एक म्हातारा पेपर वाचत होता, त्याने दोनदा वर बघितलं. ती बाहेर आली ती केस बांधत. मला बघून थांबली.

“तू इथे? दुकान बंद?”

“रविवार आहे.”

“हां, रविवार.”

आम्ही बसच्या थांब्याकडे चालायला लागलो. मी सगळं पाठ करून गेलो होतो, त्यातलं एकही वाक्य आठवेना. शेवटी म्हटलं, “त्या दिवशी मध म्हणालीस, ते कशाबद्दल होतं?”

“म्हणजे?”

“एवढी किंमत मोजून घेण्यासारखं आहे का म्हणालीस.”

“अरे, मधाबद्दल.” तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मला ताप आलाय. “बाबांना खोकला झालाय. कोपऱ्यावरून घेतला मग. चांगला निघाला.”

मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिला कशाचं ते माहीत नव्हतं. मग मी काकूंचं सगळं सांगितलं.

“काकूंना मी सांगितलं ते खरं आहे,” ती म्हणाली. “मला जायचं की नाही कळत नव्हतं. पण ते घराचं होतं. आईला सोडून जायचं वगैरे. तुझ्याबद्दल विचारायचं असतं तर तुलाच विचारलं असतं, बरणीला नाही.”

“मग मी विचारतो,” मी म्हटलं. ताई, इतके महिने मी ते डबे पुढे ओढले, आणि हे एक वाक्य मागेच ठेवलं होतं. “माझ्यासाठी थांबशील का?”

तिने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“नाही,” ती म्हणाली.

मग म्हणाली, “मी जातेय, ते तुझ्यामुळे नाही. आणि थांबले असते तर तेही तुझ्यासाठी नसतं. वाईट वाटेल, पण तू माझ्याशी खरं बोलतोस, म्हणून मीही.”

“कळवलंस त्यांना?”

“काल.”

थांब्यावर दोन बायका पत्ता विचारायला आल्या. तिने त्यांना नीट समजावून सांगितलं, डावीकडे वळा, मग शाळा लागेल. मी शेजारी उभा होतो. मी राग यायची वाट बघत होतो. शिंक येणार म्हणून माणूस तोंड उघडं ठेवून थांबतो ना, तसा. कॉलेज सोडताना जो आला होता, मॅनेजरवर जो येतो, तुझ्यावर तर उगाचच येतो, तो कुठेच नव्हता. बायका डावीकडे वळून गेल्या. बस आली. ती चढली, खिडकीपाशी बसली, काच सरकवायचा प्रयत्न केला, ती सरकली नाही. काचेतूनच काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही आणि मी मान डोलावली.

चालत परत आलो. भात लावला. जेवलो, भांडी घासली. आता लिहितोय.

तिच्यात काय उणं होतं ते मला लिहू नकोस. दुसरी मिळेल, हे तर मुळीच नको. मला दुसरी नको आहे आणि ही मिळणार नाही. सध्या एवढंच आहे.

तिला जूनमध्ये निघायचंय. निरोपाला जाणार नाही. बोलावलं तर जाईन.

हे पत्र आईला दाखवू नकोस. तिने विचारलं तर सांग, बरा आहे. ते खोटं ठरणार नाही असं मी बघतो.

तुझा,
धाकटा