करंगळीचं काय अडतंय

११ जानेवारी, पूर्णा
डाव्या हातानं लिहायलोय. उजवा पट्टीत. कारण तात्याराव.
आमच्या पोरीचे, राजेश्रीचे होणारे सासू-सासरे घरी बसलेले, आन हा शेजारी मधेच म्हणतो, आता हातानं फेटे कोण बांधतंय, मी भाड्यानं रेडिमेड आणतो, टोपीसारखे डोक्यावर ठिवायचे. अरे, ह्या गावातल्या निम्म्या नवरदेवांचे फेटे मी बांधलेत! फुकट! तरी मी तात्यारावाला मारलं न्हाई. माझा संयम बघा. शोकेसच्या काचेला मारलं.
काच हलक्या मालाची निघाली. कोपराच्या खाली नस कापली.

१५ जानेवारी
परभणीच्या डॉक्टर मंजुषाताईंनी नस शिवली. रक्ताची न्हाई, करंगळीपर्यंत जाणीव नेणारी. आन आता म्हणतेत, कापलेल्या जागेच्या खालचे नसेतले धागे मरणार. शरीर तो कचरा साफ करणार, रिकामी नळी उरणार, मग वरून नवे धागे त्या नळीतनं खाली उतरणार. महिन्याला इंचभर.
मरणार म्हंजे? मग टाके कशाला घातले? आमच्या गल्लीतली नाली हाय का ही, आधी उकरून ठिवायची आन मग वाट बघायची?
वर्ष लागंल म्हणल्या. करंगळी सगळ्यात शेवटी. करंगळीचं काय अडतंय? फेटा करंगळीनं बांधतेत का? राजेश्रीचं लग्न ८ मेला. जावयाचा फेटा मीच बांधणार. महिन्याला इंच हे साध्या माणसाचं. आमच्या घराण्यात जखमा झटक्यात भरतेत.

६ फेब्रुवारी
पट्टी निघाली. करंगळी अजिबात दुखत न्हाई. टाचणी टोचली तरी न्हाई. म्हंजे बरी झाली.
संकल्प : रोज सकाळी बोटांचा व्यायाम. उद्यापासून.

१२ फेब्रुवारी
व्यायाम न्हाई. थंडी.
त्यापेक्षा बिब्बा बरा. गरम करून तळहाताच्या कडेला लावला. चटकासुद्धा बसला न्हाई. हिला म्हणलं, बघ, ह्याला म्हणतेत सहनशक्ती.

१३ फेब्रुवारी
हे मोठाले फोड आले. बिब्बा शिळा होता.
डॉक्टरताई एवढ्या वरडल्या की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. बधिर हाताला गरम काही लावायचं नसतं म्हणं. आधी सांगायचं ना! हिचं म्हणणं, दोनदा सांगितलं होतं. ही कुणाच्या बाजूनं हाय तेच कळंना.

१८ मार्च
डॉक्टरताईंचा नवा नियम. हातावर टिचकी मारत खाली जायचं. जिथं मारल्यावर करंगळीकडं करंट पळतो, तिथवर नवे धागे पोचले. तिथं पेननं खूण करायची.
टिचकी मारली. असा झटका बसला की ताटातलं वरण अंगावर. फोन केला तर डॉक्टरताई खूश! मी बोंबलायलोय आन ह्या अभिनंदन करायल्यात.
धागे दीड-दोन इंच उतरलेत. मी खूण मनगटावर केली. रेल्वेत उमर गेली माझी. गाडी यायच्या आधीच लाइन क्लिअर द्यावी लागती.

२१ एप्रिल
प्रॅक्टिस. हिच्या घागरीला फेटा बांधला. चुण्या चिमटीत राहिनात. कापड गुळगुळीत होतं. दुसरं आणलं, तेबी गुळगुळीत. तिसऱ्यांदा कळलं, चूक घागरीची हाय. तिला कान न्हाईत, फेटा टेकणार कशाला? आपटली.
घागर हिच्या माहेरची होती. पोचा आला.
राजेश्री म्हणाली, बाबा, राहू द्या, तात्याकाकांचेच आणू. घरातच दुश्मन! तिच्याशी बोलणं बंद.

८ मे, सकाळी
आज दाखवतोच. हाताला तेल चोळलं. खूण तळहातावर सरकवली.

८ मे, संध्याकाळी
जावयाला पाटावर बसवलं. सगळा मांडव बघायलेला. तिसऱ्या वेढ्याला चुणी निसटली, फेटा नाकावर. परत बांधला. परत नाकावर. आतनं जावई म्हणाले, मामा, होऊ द्या सावकाश. पोरं फिदीफिदी हसायली. ब्राह्मण घड्याळ बघायला लागला.
तात्याराव आला. एक शब्द बोलला न्हाई, ह्याचा जास्त राग आला. भाड्याचा फेटा उचलला, जावयाच्या डोक्यावर ठिवला. फिट्ट. मग एक माझ्याबी डोक्यावर ठिवला. तोबी फिट्ट, मेला.
त्यानंतर मी दिवसभर कुणाशी बोललो न्हाई.

९ मे
सकाळी राजेश्रीचा हिला फोन. इचारत होती, बाबा अजून माझ्यावर रागात हायेत का.
काल पाठवणीच्या वेळी, गाडीत बसायच्या आधी, तिनं माझी करंगळी धरली होती म्हणं. लहानपणी स्टेशनवर गर्दीत धरायची तशी. लय वेळ धरून उभी होती. बाबानं साधी दाबलीसुद्धा न्हाई, म्हणून वाटभर रडली.
धरली होती?
मला कळलंच न्हाई. मी तात्यारावाकडं बघायलो होतो.