समुद्रातला फोड

बुन्का सातवे वर्ष, तिसरा महिना, दिवस ९

आलो एकदाचा नागासाकीला! ओसाकाहून बावीस दिवस लागले, त्यातले नऊ जहाजाच्या कठड्यावर ओणवं होऊन ओकण्यात गेले. पण बंदर दिसलं आणि सगळा शीण उतरला. हिरवे डोंगर, मधे चिंचोळं पाणी, त्यात डच जहाजांसाठी राखलेली रिकामी जागा. ओमिनेला हे सगळं दाखवीन तेव्हा तिचे डोळे किती मोठे होतील! पाचव्या महिन्यात ती येईल. लग्नाला सहा वर्षं झाली, पण भाड्याच्या एका खोलीपलीकडे तिला मी काही दिलं नाही. इथे छापखान्याच्या माडीवर दोन खोल्या मिळाल्या आहेत, खिडकीतून समुद्र दिसतो.

छापखान्याचं नाव आकेझुया. मालकीण ओकुमाबाई, नवऱ्यामागे सगळं एकटीने सांभाळते, बोलणं कातरीसारखं. छपाई करणारा म्हातारा तोरासाकू, चाळीस वर्षं इथेच. मला बघताच म्हणाला की ओसाकाकर, तुमचे हात फार गोरे हो, नागासाकीत आठ दिवसांत माशांसारखे वास मारतील.

खोटं नाही. शेजारच्या वखारीत चिनी जहाजांसाठी समुद्रकाकड्या उकळतात. काळ्या, लिबलिबीत, बोटाएवढ्या अळ्याच जणू. त्या वासाने माझं पहिलं जेवण पानातच राहिलं.

दिवस १४

काम झकास. शहराचा आणि बंदराचा नवा नकाशा, चेरीच्या लाकडाची फळी आरशासारखी गुळगुळीत. पातळ कागदावरचं चित्र फळीवर पालथं चिकटवलं, ओल्या बोटांनी कागदाचा पापुद्रा चोळून काढला आणि रेघा लाकडातूनच उगवल्यासारख्या दिसू लागल्या. आता रेघ तेवढी उभी ठेवायची, बाकी खोदून टाकायचं. कोरता कोरता चित्र नाहीसं होतं, उरतो तो ठसा. चित्रात काय होतं, याला मग कोरणाऱ्याचा शब्द हाच पुरावा. हा नकाशा काढणारा बिचारा तर मागल्या थंडीतच वारला.

एकच गोष्ट मनाला लागली. ओसाकात रेघा मी कोरायचो आणि मोकळी जागा खरवडायला हाताखालची माणसं असत. इथे समुद्रही मलाच खरवडावा लागणार. केसाएवढी रेघ उभी ठेवणाऱ्या या इसोकिचीने आता पटाशी घेऊन भाताची करप काढावी तसं रिकामं पाणी खरवडायचं! तोरासाकू म्हणाला की समुद्र खोदताना आळस केलात तर कागदावर दिसेल हो. हा मला शिकवणार. हा माणूस खळीत बोट बुडवतो, चाटून बघतो आणि तेच बोट परत खळीत घालतो.

दिवस २६

पहिली प्रत निघाली. गल्ल्या, पूल, देवळं, सगळं सुरेख. पण बंदराच्या तोंडाशी, जिथे नुसतं पाणी हवं तिथे, मुगाएवढा काळा ठिपका. खरवडताना एक टवका उभा राहिला होता. शेवटच्या दिवशी मी घाई केली होती, खोटं कशाला लिहू.

तोरासाकूने तो कागद ओकुमाबाईंसमोरच धरला आणि म्हणाला की ओसाकाकर, तुमच्या समुद्राला फोड आलाय, दोन ठोक्यांत काढून देऊ का?

मालकिणीसमोर! माझे कान तापले. मी म्हटलं की फोड कसला, खडक आहे तो, चित्रात होता. तोरासाकूने चाळीस वर्षांत तिथे खडक पाहिला नव्हता, पण चित्र कुठे होतं दाखवायला? ओकुमाबाईंनी माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाल्या की खडक असेल तर त्याला नावही असेल, बिननावाचा खडक कोण विकत घेणार? मी तोंडाला आलं ते बोललो. मिने. बायकोचं नाव, पुढचा लाडाचा ‘ओ’ तेवढा गाळून.

मग समुद्रात छोटी खाच पाडली, नव्या लाकडाचा तुकडा बसवला आणि त्यावर ते नाव कोरलं. चांगलं दिसतं. ओमिने आली की तिला दाखवून हसवीन.

चौथा महिना, दिवस ५

दोनशे प्रती छापून झाल्या. तोरासाकू सकाळपासून कागद ठशावर ठेवतो आणि वेळूच्या पानाने मढवलेल्या गोल गादीने घासतो. खर्र, खर्र. दुपारी जेवायला थांबतो, मग पुन्हा सुरू.

मासळी बाजारात कुजबूज आहे की बंदराच्या तोंडाशी काहीतरी वर आलंय. मेलेला देवमासा असेल, असं म्हणतात. वास इथवर येतो. समुद्रकाकड्यांचा वास त्यापुढे अत्तर म्हणावा.

दिवस १२

राहवलं नाही. होडी भाड्याने करून बघायला गेलो.

खडक नाही तो. देवमासाही नाही. त्याला तोंड नाही, शेपूट नाही, हाड नाही. फिकट राखाडी, मधेमधे गुलाबी, बराच वेळ पाण्यात राहिलेल्या तळव्यासारखं सुरकुतलेलं. वर माशांचा थर. कडेने खेकडे खात होते आणि खाल्लेलं पुन्हा भरून येत होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. नावाड्याने वल्ह्याने ढोसलं तर खड्डा पडला, तो हळूहळू वर आला आणि त्यातून दाट, पिठाच्या पेजेसारखं पाणी गळलं. त्यातला एक थेंब माझ्या बाहीवर उडाला. ती बाही मी तिथेच फाडून पाण्यात टाकली.

नावाडी म्हणाला की दादा, तुमच्या नकाशात हा आधीपासून आहे ना, मग तुम्हाला ठाऊकच असेल हे काय आहे ते.

मी त्याला होडी माघारी वळवायला सांगितलं.

दिवस १३

तोरासाकू दुपारचा जेवायला बसला तेव्हा मी गुपचूप ठसा घेतला. टवका उडवायचा आणि विषय संपवायचा. तो आता मुगाएवढा नाही, पावट्याएवढा झाला आहे. चेरीचं लाकूड कापून पाच वर्षं वाळवलेलं असतं, ते वाढतं कसं?

पटाशीचं टोक लावलं. लाकडाचा आवाज आला नाही. टोक मऊ काहीतरी भेदून आत गेलं. करडं पाणी आलं. आणि तोच वास.

पटाशी तशीच टाकली. हात खसाखसा धुतले, राखेने घासले. नखांतून वास जात नाही.

दिवस २९

ओमिनेचं पत्र आलं, शिमोनोसेकीहून, वाटेतूनच पाठवलेलं. आधी सगळी गंमत लिहिली आहे, जहाजावरची एक बाई झोपेत शिव्या देते वगैरे. मग लिहिलंय की काळजी करू नका, पण चौथ्या महिन्याच्या तेराव्या दिवशी दुपारी डाव्या खांद्यात अचानक टोचलं, जखम झाली, रक्त नाही आलं, करडं पाणी आलं. आणि हसू नका, पण महिनाभर रोज सकाळी कुणीतरी त्या खांद्यावर तळवा दाबून गोल गोल घासतंय असं वाटतं. दुपारी जेवायच्या वेळी थांबतं, मग पुन्हा सुरू होतं.

ही वही मागे उलटून बघितली. दिवस १३.

खाली तोरासाकू घासतो आहे. खर्र, खर्र.

नावाचा तुकडा तरी उपटावा म्हणून गेलो. सांधाच सापडेना. जुनं लाकूड आणि नवं लाकूड एकजीव झालंय. मधे कातडीसारखी सुरकुती आहे.

पाचवा महिना, दिवस ३

नकाशाला तोटा नाही. लोक होड्या करून ती घाण बघायला जातात आणि परतताना आमचा नकाशा घेतात. ओकुमाबाई खूश आहेत. म्हणतात की इसोकिची, तुमच्या खडकाने दुकान तारलं.

तोरासाकूला म्हटलं की ठसा जरा विसावू दे, लाकूड फुगेल. तो हसून म्हणाला की लाकडाला कसला विसावा, विसावा मला द्या, दात गेले, आता खांदाही जाईल. खरं कारण सांगितलं असतं तर तो थांबला असता. पण खरं सांगायचं म्हणजे तो फोड होता हे कबूल करायचं. महिनाभर मी सगळ्यांना चित्राचा हवाला देतो आहे. मेलेल्या माणसाच्या माथी मारतो आहे. आता कोणत्या तोंडाने—

दिवस ११

ओमिने आली.

धक्क्यावर सगळे प्रवासी नाकाला फडकं, बाही, जे मिळेल ते लावून उतरले. त्या घाणीजवळूनच जहाज आत आलं होतं. ती एकटीच हसत उतरली. म्हणाली की सगळे वास वास करत होते, मला तर कसलाच आला नाही.

मला आला. तिच्या अंगाचा.

माझ्या ओमिनेची मला किळस आली. हे लिहिताना लाज वाटते, पण आली. तिने माझा हात धरला तेव्हा तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे खड्डे पडले आणि घटकाभर तसेच राहिले.

दिवस १२

तिची पट्टी सोडली. खांद्यावर मुठीएवढा उंचवटा, राखाडी, गुलाबी. सुरकुत्यांत काळं साचलंय. धुतलं तर पाणी काळं झालं. शाई. आमची छपाईची शाई, तिचा वास मी कुठेही ओळखीन.

खाली घासणं सुरू झालं. माझ्या डोळ्यांसमोर तो उंचवटा दबला. सपाट झाला, वर आला. पुन्हा दबला. तिने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली की हेच बघा, हेच ते, तुम्हाला दिसतंय ना?

मी म्हटलं की काही दिसत नाही, प्रवासाचा थकवा असेल.

दिवस १३

बंदराच्या कचेरीतून कारकून आला. जुन्या मोजणीत असा खडक नाही, म्हणाला. कुणी घातला? ओकुमाबाईंनी माझ्याकडे बघितलं. चित्रात होता, मी म्हणालो. पुन्हा तेच. जीभ आपोआप वळली. हुकूम झाला की तो ठिपका नि ते नाव ठशावरून उद्यापर्यंत तासून टाका.

हे काम मी करतो, असं म्हणून ठसा माडीवर आणला. फडक्यात गुंडाळून ठेवला. फडकं ओलं झालंय. उद्या कचेरीला दाखवायला काय— नवा ठसा कोरला तर? एका रात्रीत? वेडा झालो मी.

दिवस १४

सकाळी उठलो तर ठसा जागेवर नाही. ओमिने म्हणाली की तोरासाकूआजोबा घेऊन गेले. फार गोड माणूस, म्हणाली. तिला म्हणाले की तुझ्या नवऱ्याला हे खरवडायचं काम कमीपणाचं वाटतं, मी उरकून टाकतो, त्याला सांगू नकोस, तू आलीस त्याची भेट समज.

ती पेज पिते आहे. वाटी तोंडाला लावली की पेज खांद्याच्या कडेने झिरपते. मला बघवत नाही, म्हणून लिहितो आहे.

खाली तो पटाशीला धार लावतो आहे. दगडाचा आवाज. थांबला.

जिना अकरा पायऱ्यांचा. जाऊन एवढंच म्हणायचं की तोरासाकू, थांब, ते चित्रात नव्हतं. तो म्हणेल की मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ओकुमाबाई ऐकतील. कारकुनाला कळेल. ओसाकाला—

मोगरीचा ठोका. एक.

ओमिनेने वाटी खाली ठेवली. विचारते आहे की कुणी हाक मारली का.

मी उठलो नाही. हाक मारली तरी पुरे, तो थांबेल, फक्त—

दोन. तिने खांद्यावर हात ठेवला. हात आत— बोटं आत गेली— ती माझ्याकडे बघते आहे, ओरडतही नाही, नुसती विचारते आहे की काय झालं हो, असं काय लिहिताय, उठा ना—

सांगतो. आत्ता सांगतो. तोरासाकू, चूक माझ्या—