आत किती, बाहेर किती

४ ऑगस्ट १९८१

आले एकदाची नाशिकला! नामपूरपासून निम्मा रस्ता एस.टी.त उभी होते, पण आज पाय दुखतात म्हणायचं नाही. नर्सिंग पास होऊन सहा आठवडे घरी माश्या मारल्यावर ही नोकरी लागली आहे. इस्पितळ खासगी, वीस खाटांचं, स्वच्छ. मागच्या चाळीत मला स्वतंत्र खोली आहे. भिंतीला बुद्धाची तसबीर लावली, आईने दिलेला ठेचा फळीवर ठेवला, झाला संसार! नवे पांढरे बूट चावतात. चावू देत. उद्यापासून मी सिस्टर चतुरा.

६ ऑगस्ट

पहिलाच पेशंट, आणि केवढा अवघड! कोंडाजी, घोटीकडचा, वय पस्तीसेक. भाताची आवणी करताना पायाला घोणस चावली. इंजेक्शनांनी जीव वाचला, पण मूत्रपिंडं बंद पडली. चार दिवस लघवीचा थेंब नाही, अंग सुजून भोपळा, श्वासालाही लघवीचा वास. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं दोन-तीन आठवड्यांत आपली आपण जागी होतात, तोवर याला तगवायचं.

त्यासाठी पोटात नळी घातली आहे. साखर-क्षारांचं औषधी पाणी दोन लिटर आत सोडायचं, अर्धा तास थांबायचं, मग खालच्या बरणीत काढून घ्यायचं. पोटाच्या आतलं अस्तर म्हणजे एक बारीक पडदा. रक्तातली घाण जास्तीकडून कमीकडे पाझरते आणि साखर पाणी ओढून घेते. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसंच. परासरण, परासरण म्हणून परीक्षेला घोकलं होतं, आज डोळ्यांनी पाहिलं. माझं काम तक्ता भरायचं: आत किती, बाहेर किती. आत दोन हजार, बाहेर बावीसशे. वरचे दोनशे त्याच्या सुजेतले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

९ ऑगस्ट

सूज उतरली. कोंडाजी डोळे उघडून बोलतो. त्याची बायको भागीबाई पहिल्या दिवसापासून त्याचा हात धरून बसली आहे. जेवतेसुद्धा डाव्या हाताने. मी रागावले, तर म्हणाली, "आमच्याकं पान लागलेल्याचा हात सोडीत नाय, शिष्टर. घरचा उंबरा वलांडला का मंगच सोडायचा." पान लागणं म्हणजे साप चावणं, सापाचं नाव घेत नाहीत. गोड बाई आहे. माझ्या बुटांत कापूस घालून दिला तिनेच.

एकच गोष्ट कळत नाही. आज बाहेर सत्तावीसशे आले.

११ ऑगस्ट

बाहेर एकोणतीसशे. दर खेपेला. सूज संपली, माणूस दिवसाला दोन कप चहा पितो, मग हे जादा पाणी येतं कुठून? एव्हाना तो वाळून खारीक व्हायला हवा होता, तर गाल वर आलेत. डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर झापलं की बरणीवरच्या रेघा वाचता येत नाहीत का. संतापाने कान तापले. मी तीनदा मोजलं होतं.

भागीबाईचे ओठ फुटलेत. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. दिवसभर तांब्यामागून तांब्या पाणी पिते आणि तरी जीभ टाळूला चिकटते म्हणते.

१२ ऑगस्ट

आज दुपारी मुद्दाम भागीबाईला आंघोळीला पाठवलं, अगदी त्याच्या हातातला तिचा हात सोडवून. ती नसताना बाहेर एकवीसशे. ती येऊन बसली, हात धरला, बाहेर तीन हजार. पुन्हा पाठवलं, एकवीसशे. पुन्हा आली, तीन हजार शंभर.

मग तिला काट्यावर उभं केलं. आली त्या दिवशी सहज गंमत म्हणून वजन केलं होतं, बावन्न. आज एक्केचाळीस.

पडदा नुसता पोटात उरलेला नाही. तो हातापर्यंत आला आहे. पाणी तिचं येतंय.

१३ ऑगस्ट

पाणीच नाही. कोंडाजीचं रक्त तपासून आलं, घाण निम्म्याने उतरली. डॉक्टर खूश. मी भागीबाईच्या तोंडाजवळ वाकले. तोच वास. पहिल्या दिवशी त्याच्या श्वासाला होता तो. पाणी तिच्याकडून त्याच्याकडे, विष त्याच्याकडून तिच्याकडे. जास्तीकडून कमीकडे. मीच तर घोकलं होतं!

डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत, हेच वाईट. मला आठवडाभर घरी जाऊन झोप म्हणाले. उपचार थांबवा म्हटलं तर म्हणाले, थांबवला की हा दोन दिवसांत जाईल, त्याची जबाबदारी तू घेणार का. 

मग भागीबाईलाच सगळं सांगितलं, समजेल अशा शब्दांत. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मला ठावं हाय, बाय. हातातून वढ लागती ना. लागू दे. लेकरं लहान हायेत, कमावता त्यो हाय."

कमावता तो आहे म्हणे. आवणीत तीही होती की वाकलेली.

१४ ऑगस्ट

जबरदस्तीने सोडवायला गेले. तिचा हात कुठे संपतो ते सापडेना. बोटं दिसतात, नखं दिसतात, पण दोन तळव्यांच्या मधे माझं नखसुद्धा शिरत नाही. ओढलं तर दोघंही एकदम ओरडले.

डॉक्टर पाहून गेले. क्षार कमी झाल्याने पेटका आलाय, इंजेक्शन दिलं की सुटेल म्हणाले. दिलं. सुटला नाही.

कोंडाजीला आता कळलं आहे. मला म्हणतो, नळी काढा, मला मरू द्या. नळी काढायचा अधिकार मला नाही. औषधी पाण्याची बाटली बदलायचा आहे. मी बाटली बदलली.

१५ ऑगस्ट

बाहेर झेंडावंदन. भागीबाई शुद्धीवर नाही. तिला सलाईन लावलं — बाटली घटकेत रिकामी — आणि बरणीत तेवढंच वाढलं.

एकच सुचलं. कोंडाजीचा दुसरा हात मी धरला. दोघींत वाटलं गेलं तर तिच्यावरचा भार निम्मा होईल. हिशेब बरोबर आहे. ओढ खरंच लागते — मनगटाच्या आतून, हळूहळू. फार भीती वाटते आहे. पण भागीबाईने एकदा डोळे उघडले.

१६ ऑगस्ट

कोंडाजीला लघवी झाली! तीस मिली. मूत्रपिंडं जागी झाली. डॉक्टरांनी नळी काढली. पोटातलं पाणी नाही, साखर नाही — आता ओढणारं काही उरलं नाही.

ओढ थांबत नाही.

माझा डावा हात सुटत नाही. उजव्याने लिहिते आहे. डॉक्टर म्हणाले पेटका. इंजेक्शन.

१७ ऑगस्ट

भागीबाई सकाळी गेली. गेल्यावर तिचा हात आपोआप सुटला. इतकीशी झाली होती — चादरीखाली आहे की नाही कळेना —

आता सगळं माझ्याकडून.

कोंडाजीला चार लिटर लघवी. डॉक्टर म्हणतात असंच असतं, मूत्रपिंडं जागी झाली की आधी पाणी लोटतात. बाहेर जाईल तेवढं आत गेलं पाहिजे म्हणतात. तो पाणी पीत नाही. ओठ मिटून बसलाय, मरायचं म्हणतो. तरी गाल वर — तरी कातडी ओली —

१८ ऑगस्ट

पाच लिटर. मला तांब्या पुरत नाही. जीभ हलत नाही. हाक मारता येत नाही. तोंडाला तो वास.

हात कापा, असं पाटीवर लिहून दाखवलं. डॉक्टरांनी माझ्या वडिलांना तार केली. उद्या येतील. उद्या —

डॉक्टर बाहेर सांगतायत पेशंट वाचला.

वाचलेला माणूस भागीबाईसाठी रडतोय. माझ्यासाठीही. टपटप, उशी भिजली. मला रडू फुटतंय पण डोळे कोरडे. त्याच्या डोळ्यांतून जातंय ते — माझं —

कोंडाजीदादा, नको. कुणीतरी त्याला सांगा. रडू नको, दादा, रडू न